उपग्रहाच्या तापमापकाची परीक्षा कोण घेणार?

एप्रिल-मे महिने आले की वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर तांबड्या-जांभळ्या रंगांनी भरलेले भारताचे नकाशे दिसू लागतात. खाली ओळ असते, 'उपग्रहाने टिपलेले तापमान'. पुढे हेच नकाशे कात्रणांच्या रूपाने शाळेच्या फलकावर आणि विज्ञान प्रदर्शनातील तक्त्यांवर येतात. उपग्रहाने दिलेला आकडा म्हटला की त्याविषयी शंका घ्यावी असे फारसे कोणाला वाटत नाही. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. प्रयोगशाळेतील साधा तापमापकसुद्धा वापरण्यापूर्वी वितळत्या बर्फात आणि उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून तपासावा, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. मग सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या आकड्याला ही सूट का द्यावी?

साठ अंशांची बातमी

एक अलीकडचे उदाहरण घेऊ. २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपीय अंतराळ संस्थेने सेंटिनेल-३ या उपग्रहाच्या नोंदींवरून तयार केलेला एक नकाशा प्रसिद्ध केला. नोंदी २९ एप्रिल रोजी सकाळी साडेदहाच्या सुमाराच्या होत्या. जयपूर आणि अहमदाबाद या शहरांसाठी आकडा ४७ अंश सेल्सिअस होता. अनेक भागांत तो साठीच्या पुढे गेला होता आणि अहमदाबादच्या आग्नेयेस व नैर्ऋत्येस तर ६५ अंशांच्या आसपास पोहोचला होता. हे जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान आहे, असे संस्थेने स्वच्छ लिहिले होते. परंतु नकाशा हातोहात पुढे जात राहिला आणि खुलासा मागे पडला. भारतात पारा साठीवर गेला, असाच अर्थ अनेकांनी लावला.

थोडा विचार केला असता तर ही चूक सहज लक्षात आली असती. भारतात हवेच्या तापमानाचा नोंदलेला उच्चांक ५१ अंश आहे. तो राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदला गेला. जगातील मान्य उच्चांक ५६.७ अंश असून तो कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीचा, १९१३ सालचा आहे. गुजरातेत सकाळी साडेदहाला हवा साठ अंशांवर गेली असती तर सगळे विक्रम मोडले असते. हवेचे तापमान जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजतात. उपग्रह पाहतो ती उन्हात भाजणारी माती, डांबर आणि छपरे. वैशाखात अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायाला जे कळते, ते त्या पेटीतल्या पाऱ्याला कळत नाही. या दोन वेगवेगळ्या राशी आहेत आणि कोरड्या, उघड्या जमिनीवर दुपारी त्यांच्यात वीस अंशांचाही फरक पडू शकतो.

हवेच्या आकड्यांनाही तपासणी चुकत नाही, हे २०२४ मध्ये दिसले. २९ मे रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश तापमान दाखवले. मे महिनाअखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राचा आकडा ५६ पर्यंत गेला. हवामान खात्याने चौकशी केली, तेव्हा मुंगेशपूरचा संवेदक प्रमाण उपकरणापेक्षा सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. नागपूरचा आकडाही सदोष संवेदकाचा निघाला. हा निवाडा करता आला, कारण ताडून पाहायला प्रमाण उपकरण होते. उपग्रहाच्या आकड्यासाठी असे प्रमाण उपकरण कोणते, हा आता आपला प्रश्न आहे.

उपग्रह तापमान मोजत नाही

उपग्रहात तापमापक नसतो, प्रारणमापक असतो. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकते. आपल्या नेहमीच्या तापमानाला त्यातील सर्वांत प्रखर भाग १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे अवरक्त पट्ट्यात असतो. उपग्रह तेवढे प्रारण मोजतो आणि पुढे गणिताने त्याचे तापमान ठरवले जाते. या गणितात तीन ठिकाणी चूक शिरू शकते.

पहिले ठिकाण हवेचे. वाटेतील बाष्प जमिनीकडून येणारे काही प्रारण शोषते आणि स्वतःचे थोडे मिसळते. म्हणून ११ आणि १२ मायक्रोमीटरच्या आसपासच्या दोन पट्ट्यांत मापन करतात. बाष्पाचा परिणाम दोन्हींत सारखा नसतो आणि त्या फरकावरून दुरुस्ती करता येते.

दुसरे ठिकाण पृष्ठभागाच्या उत्सर्जकतेचे. आदर्श कृष्णवस्तूची उत्सर्जकता १ धरली तर पाण्याची ०.९८ च्या वर असते, चकचकीत जस्ती पत्र्याची मात्र फारच कमी. वाळूतील क्वार्ट्झमुळे ८ ते ९.५ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात वाळूची उत्सर्जकता बरीच घसरते. ११ मायक्रोमीटरजवळ उत्सर्जकतेत एक टक्का चूक झाली तर तापमानात पाऊण अंशाच्या आसपास चूक होते. मातीची उत्सर्जकता ०.९७ ऐवजी ०.९४ असेल, तर नकाशाचा आकडा दोन अंशांनी सरकलाच म्हणून समजा.

तिसरे ठिकाण उपकरणाचे. संवेदकाने दिलेल्या विद्युत संकेताला कोणते तापमान म्हणायचे, हे आधी ठरवावे लागते. ज्याचे तापमान पक्के माहीत आहे अशा स्रोतासमोर उपकरण धरून त्याचा आकडा ताडून पाहणे, याला अंशशोधन म्हणतात. अवरक्त उपकरणांसाठी असा स्रोत म्हणजे कृष्णवस्तू. एखाद्या खोल पोकळीला आतून काळा रंग दिला आणि तोंड लहान ठेवले, की आत शिरलेले प्रारण पुन्हा पुन्हा शोषले जाते. तोंडातून बाहेर येते ते जवळजवळ पूर्णपणे भिंतींच्या तापमानावर ठरलेले असते. भिंतीतील तापमापक राष्ट्रीय प्रमाणकाशी ताडलेला असला की साखळी पूर्ण होते. आपल्या देशाची तापमानाची प्रमाणके दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जतन केलेली आहेत.

पाण्यावरच्या तापमापकांनी पकडलेली चूक

उपग्रहात स्वतःची कृष्णवस्तू बसवलेली असते, मग जमिनीवरून तपासणी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लँडसॅट-८ च्या अनुभवात आहे. हा उपग्रह ११ फेब्रुवारी २०१३ रोजी सोडण्यात आला. त्यावरील अवरक्त उपकरणाची प्रयोगशाळेत कसून तपासणी झाली होती आणि त्याच्यापाशी स्वतःची कृष्णवस्तूही होती. तरीही तलावांतील आणि समुद्रातील तरंगत्या केंद्रांशी त्याचे आकडे जुळेनात. नेहमीच्या तापमानाला त्याचा एक पट्टा सुमारे दोन अंश आणि दुसरा चार अंशांहून थोडा अधिक उष्ण दाखवत होता. २०१४ च्या सुरुवातीला तेवढी वजावट करण्यात आली. कारण नंतर उलगडले. उपकरण ज्या भागाकडे पाहत होते त्याच्या बाहेरचे प्रारण भिंगाजवळच्या धातूच्या कडीवरून परावर्तित होऊन आत येत होते. २०२१ साली सोडलेल्या लँडसॅट-९ मध्ये त्यासाठी आडोसे बसवण्यात आले.

जगातील उत्तम अभियंत्यांनी बनवलेल्या उपकरणाची चूक पाण्यावरच्या तापमापकांनी पकडली, ही गोष्ट आम्हाला कोणत्याही रंगीत नकाशापेक्षा अधिक शिकवण्याजोगी वाटते.

मात्र तपासणाऱ्या उपकरणालाही कोणीतरी तपासावे लागते. समुद्रावर यासाठी जहाजांवरचे प्रारणमापक वापरतात. इंग्लिश खाडी आणि बिस्केच्या उपसागरातून ये-जा करणाऱ्या जहाजांवर २००४ पासून 'इसार' नावाचे असे उपकरण बसवण्यात आले. त्यात दोन लहान कृष्णवस्तू असतात, एक भोवतालच्या तापमानाला आणि दुसरी त्याहून बारा-एक अंश उष्ण. उपकरण आळीपाळीने या दोन्हींकडे, समुद्राकडे आणि आकाशाकडे पाहते. आकाशाकडे पाहायचे कारण असे, की पाण्याकडून येणाऱ्या प्रारणात आकाशाचे थोडे परावर्तित प्रारण मिसळलेले असते आणि ते वजा करावे लागते. मोहिमेच्या आधी आणि नंतर हेच उपकरण प्रयोगशाळेत पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या आणखी एका कृष्णवस्तूसमोर धरतात. शिवाय निरनिराळ्या देशांची उपकरणे अधूनमधून एकत्र आणून एकाच कृष्णवस्तूसमोर आणि एकाच पाण्यासमोर उभी करतात. अशी तुलना २००१ मध्ये मायामीला आणि २०१६ मध्ये लंडनजवळच्या टेडिंग्टन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत झाली. जमिनीसाठी २०१७ मध्ये नामिबियाच्या वाळवंटात गोबाबेब येथे अशीच मोहीम झाली.

या कष्टांमुळे जहाजावरच्या प्रारणमापकांची अचूकता एका अंशाच्या दशांशापर्यंत आली आहे. जमिनीवर मात्र उपग्रहाचे तापमान एक-दोन अंशांत जुळले तरी समाधान मानावे लागते. पाणी आणि वाळवंट मैलोन्‌मैल एकसारखे असतात. आपली शेतजमीन तशी नसते.

कळसाडीचा चौकोन

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी हे गाव घ्या. आपल्या इन्सॅट-३डी मालिकेतील उपग्रहांच्या अवरक्त चित्रातील एक चौकोन सुमारे चार किलोमीटर बाजूचा असतो, म्हणजे १,६०० हेक्टरांचा. सेंटिनेल-३ चा चौकोन एक किलोमीटर बाजूचा, शंभर हेक्टरांचा. लँडसॅटचा शंभर मीटरचा, एक हेक्टराचा. खानदेशातील शेतीच्या गावाभोवती चार किलोमीटरच्या चौकोनात काय काय मावते, ते तेथील विद्यार्थीच चांगले सांगू शकतील. नांगरून ठेवलेली काळी जमीन, पाणी दिलेली केळी किंवा पपईची बाग, पत्र्याची आणि कौलांची घरे, डांबरी सडक, कोरडा नाला. या सर्वांसाठी नकाशावर एकच रंग येतो.

समजा, अर्धा चौकोन ५८ अंशांवर तापलेली उघडी माती आहे आणि अर्धा ३४ अंशांवर असलेली बाग. उपग्रह सांगेल ४६ च्या आसपास. त्या चौकोनात ४६ अंशांवर असलेली जागा बहुधा एकही सापडणार नाही. आकडा चुकीचा नाही, पण तो कोणत्याही एका शेताचा नाही. 'आमच्या गावाचे उपग्रहाने मोजलेले तापमान' असे तक्त्यावर लिहिताना विद्यार्थ्यांना हे समजले पाहिजे.

मग गावाजवळच्या हवामान केंद्राशी हा आकडा ताडून पाहावा का? २०१७ च्या सुमारास महावेध प्रकल्पात राज्यातील महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. पाऊस, वारा, आर्द्रता आणि हवेचे तापमान यांच्या नोंदी त्यांतून मिळतात आणि त्या मोलाच्या आहेत. परंतु पृष्ठभागाच्या तापमानाचा पडताळा हवेच्या तापमानाने घेता येत नाही. त्यासाठी खाली मातीकडे पाहणारा, अंशशोधन झालेला प्रारणमापक लागतो. उपग्रह आणि हवामान केंद्र यांचे आकडे जुळत नाहीत म्हणून कोणा एकाला खोटे ठरवणे, ही नकाशा डोळे मिटून मान्य करण्याइतकीच मोठी चूक आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. केळीसाठी हवामानावर आधारित पीक विमा आहे. त्यात ठरावीक काळात तापमानाने ठरावीक मर्यादा ओलांडली तर भरपाई मिळते आणि तिथे धरतात ते केंद्रावरचे हवेचे तापमान. मोबाइलवर आलेल्या नकाशात आपल्या भागावर पन्नासचा रंग पाहून शेतकऱ्याने हिशेब मांडला तर त्याच्या पदरी निराशाच येईल. उलट बाजूही तितकीच खरी आहे. पिकाला पाण्याचा ताण पडला की पाने तापतात, आणि ते ओळखायला पृष्ठभागाचेच तापमान उपयोगी पडते. तिथे दोन-तीन अंशांच्या चुकीने निष्कर्ष उलटा होऊ शकतो.

या विषयाची मुळे आपल्याकडेही आहेत. पुण्यात १९३२ साली सुरू झालेल्या कृषी हवामानशास्त्र विभागात एल. ए. रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीलगतच्या तापमानाचा बारकाईने अभ्यास केला. काळ्या मातीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला तर ऊन परावर्तित होऊन माती बरीच थंड राहते आणि हा परिणाम खालच्या थरांतही पोहोचतो, हे त्यांनी दाखवले. उपग्रह नव्हते, त्या काळी त्यांनी जमिनीजवळ वाकून हे मोजले. आजच्या नकाशांना हवा आहे तो हाच जमिनीचा आधार.

थर्मल गनचा सदुपयोग

आता शाळेत काय करता येईल ते पाहू. कोविडच्या साथीत २०२० आणि २०२१ मध्ये अनेक शाळांनी थर्मल गन घेतल्या. आज त्यांपैकी बऱ्याच कपाटात पडून असतील. हा लहानसा अवरक्त प्रारणमापकच आहे. कपाळासाठीच्या गनमध्ये शरीर आणि पृष्ठभाग असे दोन पर्याय असतात. पहिल्या पर्यायात कपाळाच्या आकड्यावरून शरीराचे तापमान अंदाजले जाते, म्हणून प्रयोगासाठी दुसराच पर्याय निवडावा. तांबडा लेसर असलेली गन असेल तर तो डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी.

दुधाच्या पावडरीचा किंवा तशाच प्रकारचा उंच, अरुंद पत्र्याचा डबा घ्या. त्याला आतून फळ्याला लावतात तो काळा, बिनचकाकीचा रंग द्या. डब्याच्या बुडाला बाहेरून दगड बांधून तो पाण्याच्या बादलीत काठापर्यंत बुडवा, मात्र पाणी आत जाऊ देऊ नका. बादलीत प्रयोगशाळेतील तापमापक ठेवा आणि पाणी सतत ढवळत राहा. ही झाली शाळेची कृष्णवस्तू. गन पंधरा मिनिटे सावलीत ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग ती डब्याच्या तोंडाशी धरून दोन-तीन सेकंदांत आकडा घ्या आणि लगेच बाजूला करा, नाहीतर उष्ण हवेने गनच तापेल. पाण्याचे तापमान २०, ३०, ४०, ५० आणि शक्य असल्यास ६० अंश ठेवून अशा नोंदी करा. आडव्या अक्षावर गनचा आकडा आणि उभ्या अक्षावर तापमापकाचा आकडा घेऊन आलेख काढा. यापुढे गनचा कोणताही आकडा या आलेखावरून दुरुस्त करूनच वहीत लिहायचा.

दुसरा प्रयोग उत्सर्जकतेचा. स्टीलच्या चकचकीत डब्यात गरम पाणी भरा आणि डब्याच्या एका बाजूला वायरमन वापरतात ती काळी चिकटपट्टी लावा. पट्टीवर आणि लगतच्या उघड्या स्टीलवर आकडा घ्या. तापमान जवळजवळ एकच असूनही आकड्यांत मोठा फरक पडेल, कारण स्टीलकडून येणारे प्रारण बहुतांशी खोलीचे परावर्तित प्रारण असते. पत्र्याच्या छपराविषयी उपग्रह का फसू शकतो, हे यावरून लगेच समजते.

तिसरा प्रयोग शेतातील. शेताच्या मालकाला विचारून शंभर मीटर बाजूचा चौकोन आखा. सकाळी दहा ते साडेदहाच्या दरम्यान ठरावीक पावलांवर पंचवीस ठिकाणी नोंदी घ्या. गन गुडघ्याच्या उंचीवर सरळ खाली धरा आणि त्या जागेवर आपली सावली पडू देऊ नका. उन्हातली माती, सावलीतली माती, पाने, वाळलेले गवत यांची वेगळी सदरे करा. कोणाचा किती वाटा आहे याचा अंदाज घेऊन सरासरी काढा. झडपांच्या पेटीतील किंवा निदान सावलीत टांगलेल्या तापमापकाचे हवेचे तापमानही शेजारी लिहा.

शाळेच्या गनमध्ये दुरुस्तीनंतरही एक-दोन अंशांची चूक राहील, म्हणून या नोंदींवरून उपग्रहाला पास-नापास करू नये. परंतु एका शेतात पंचवीस आकडे किती वेगवेगळे येतात, हे ज्याने स्वतः मोजले, तो विद्यार्थी नकाशावरच्या एका रंगाला पुन्हा तसाच स्वीकारणार नाही.

नकाशाला विचारायचे प्रश्न

उपग्रहाच्या नकाशांना आमचा विरोध नाही. सगळ्या देशावर एका वेळी नजर टाकणारे दुसरे साधन नाही, आणि इस्रोच्या मॉस्डॅक या संकेतस्थळावर इन्सॅटच्या नोंदी शाळांनाही पाहता येतात. आमची तक्रार नकाशे अर्धवट छापण्याविषयी आणि अर्धवट शिकवण्याविषयी आहे. तापमानाचा नकाशा फलकावर लावण्यापूर्वी शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्याला पाच प्रश्न विचारावेत. तापमान हवेचे की पृष्ठभागाचे? नोंद किती वाजताची? एका चौकोनात किती जमीन येते? ढगांखालच्या भागाचे काय केले? आणि हे मापन जमिनीवरच्या कोणत्या उपकरणाशी, कुठे ताडून पाहिले?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा नकाशा काढणाऱ्या संस्थेच्या मूळ टिपणात असतात. वृत्तपत्रांनी ती नकाशाखाली दोन ओळींत छापायला काहीच हरकत नाही. ती छापलेली नसतील तर मूळ टिपण शोधून तक्त्यावर हाताने लिहावीत. पाचव्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दूरच्या एखाद्या सरोवराचे किंवा वाळवंटाचे नाव असेल. तेही लिहावे. मग कळसाडीसारख्या गावाच्या काळ्या मातीवर आणि केळीच्या बागांवर असे मापन व्हायला हवे की नाही, हा प्रश्न वर्गात आपोआप निघेल, आणि त्यासाठी लागणारी पहिली तीन साधने, म्हणजे गन, बादली आणि काळा डबा, शाळेत तयार असतील.